बिलच्या आईकडं काळं झालंय

ड्रॅनली गावात एनिड वॅगस्टाफला एनिड म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे तिचा नवरा हॅरल्ड, आणि कोळशानं छाती भरून तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पोस्टमन, दूधवाला, चॅपेलचे पाद्री, मोज्यांच्या कारखान्यातल्या बाया, सगळ्यांच्या तोंडी ती ‘बिलची आई’. आता पोराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बाया कुठंही सापडतील, त्यात नवल नाही. नवल हे, की बिल जन्मायच्या आधीपासून, खरं तर एनिड जन्मायच्याही आधीपासून, गावात बिलची आई होतीच. फक्त ती कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

इंग्लंडात डर्बीशरच्या त्या अंगाला आभाळ भरून आलं, की लोक पश्चिमेकडं हनुवटी उडवतात आणि म्हणतात, “बिलच्या आईकडं काळं झालंय.” हा बिल कोण, त्याची माउली राहते कुठं, तिनं असं कोणतं पाप केलं की जगातल्या प्रत्येक काळ्या ढगानं आधी तिच्या धुराड्यावर येऊन बसावं, हे कुणी विचारत नाही. आजा म्हणायचा म्हणून बाप म्हणतो, बाप म्हणायचा म्हणून लेक म्हणते, आणि सगळे मिळून दोरीवरचे कपडे काढायला धावतात.

एनिड मात्र विचारायची. चौकसपणा तिला दुधाच्या दातांबरोबर फुटला असावा. एकदा तिनं आजीला गाठून विचारलं, “पण ती राहते कुठं?”

“ती? ती कोण, मांजराची आई?” आजी म्हणाली. थोरामोठ्या बाईला नुसतं ‘ती’ म्हटलेलं आमच्याकडं खपत नाही. “नाव घेऊन बोलावं.”

“नाव माहीत नाही म्हणून तर विचारतेय.”

त्यावर आजीनं तिला कोळसा आणायला पिटाळलं, आणि प्रश्न तिथंच राहिला.

पुढं एनिड मोज्यांच्या कारखान्यात लागली. मोज्याचं अंगठ्याकडचं तोंड टाक्याला टाका जुळवून बंद करायचं, हे काम. यंत्रांचा खडखडाट असा, की शेजारणीचा शब्द कानावर पडायचा नाही. तेव्हा तिथल्या सगळ्या बाया ओठांवरून बोलणं वाचायच्या. एनिडनं ही विद्या कारखान्यापुरती ठेवली नाही. धावत्या बसच्या काचेआड कोण कुणाला काय म्हणालं, हे तिला रस्त्यावरून कळायचं. गावात दोन जोडपी तरी अशी होती, जी तिच्या खिडकीसमोरून जाताना तोंडावर हात धरून बोलायची.

मग हॅरल्डशी लग्न झालं. त्याचं घर म्हणजे वरच्या चढावरचं अगदी शेवटचं, गावाच्या पश्चिम टोकाला. त्याच्यापलीकडं नुसतं माळरान आणि त्या माळावरून येणारं आभाळ. मुलगा झाला. हॅरल्डच्या बापाचं नाव विल्यम. तेच ठेवायचं ठरलं. खालच्या दुकानातली मिसेस ऑटवेल तेव्हा नवी नवरी होती. ती धापा टाकत चढ चढून आली.

“नाव बदल, बदका,” ती म्हणाली. आमच्याकडं सगळेच एकमेकांचे बदक, पाद्रीसुद्धा. “घर कुठंय बघ, आणि पोराचं नाव काय ठेवतेयस ते बघ. गाव तुला सोडायचं नाही.”

“आम्ही त्याला पुरतं विल्यमच म्हणणार.”

“तू म्हणशील. गावाच्या जिभेला तेवढी सवड आहे का?”

आठवडाभरात विल्यमचा बिल झाला, आणि इतक्या पिढ्या पत्ता नसलेली बिलची आई ड्रॅनलीला आयती मिळाली. तेव्हापासून आभाळाची सगळी जबाबदारी एनिडकडं. सोमवारी, धुण्याच्या दिवशी, बाया खालून हाक मारायच्या, “बिलच्या आई, आज काय बेत आहे?” चॅपेलच्या सहलीच्या आदल्या दिवशी पाद्रीबुवा हसत हसत, पण अगदीच हसत नव्हे, तिला म्हणायचे की उद्यापुरतं तेवढं सांभाळा. एनिड वाईट वाटून घेणाऱ्यातली नव्हती. “घरपोच पाठवू का?” ती वरून विचारायची. “बादली तयार ठेवा.” खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. एखाद्याला गावचं पाटीलपण मिळावं तसं तिला आभाळ मिळालं होतं.

बिल मोठा झाला तो आईच्या अगदी उलट. ती दहा शब्द बोलेल तिथं तो एक, तोही अर्धा गिळून. हात मात्र कुशल. लष्करातली सक्तीची वर्षं संपली, आणि घरी यायच्या ऐवजी तो थेट दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टनच्या गोदीत क्रेन दुरुस्त करायला राहिला. थोड्या दिवसांसाठी, असं म्हणाला. नाताळात यायचा, ऑगस्टच्या सुटीत यायचा. अलीकडं मात्र प्रत्येक खेपेला तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा वावरायचा. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणायचा, “आई.”

“काय रे?”

“काही नाही. कोळसा आणू का?”

तो असेपर्यंत कोळशाची बादली कधी रिकामी राहिली नाही. एनिडला कळेना, पोरगं असं काय गिळून बसलंय. गावातल्या प्रत्येकाच्या पोटातलं तिला काढता यायचं, पण स्वतःच्या लेकाचे ओठ वाचायचे तर ते हलायला तरी हवेत.

शेवटी तिनं आपल्यापुरता अर्थ लावला. पोराला घरी यायचंय, पण इथं काम नाही म्हणून लाजतोय. झालं. तिनं कारखान्याच्या गाँटसाहेबांना गाठलं. हे गाँट म्हणजे पाय धनुष्यासारखे बाकलेले. त्यांनी गल्लीत डुक्कर अडवलं तर ते पायांमधूनच निसटेल, असं सगळा कारखाना म्हणायचा, पण माणूस भला. यंत्रं बघणारा म्हातारा मिस्त्री निवृत्त होत होता. ती जागा बिलसाठी ठेवतो, म्हणाले, पण सोमवारी होय की नाही ते सांगा.

एनिडनं होयच धरलं. मागची खोली नव्या कागदानं सजवली, पिवळी फुलं असलेल्या. ऐसपैस पलंग आणला, कारण या खेपेला बिल एका मुलीला घेऊन येणार होता. डॅफ्नी नावाची, तिकडचीच, बेकरीत काम करणारी. आणि ‘बिल परत येतोय’ हे एनिडनं दुकानात, चॅपेलात, बसथांब्यावर, जिथं जिथं दोन कान दिसले तिथं तिथं सांगून टाकलं. आता तो आला नसता तर तिला गावातून मान वर करून चालता आलं नसतं. पण मान ही नंतरची गोष्ट. रिकाम्या घरात एकटीनं किती बोलायचं याला काही मर्यादा आहे की नाही?

तो शनिवार उजाडला. दोघं संध्याकाळच्या चहाला पोचणार होते. डबाबंद सॅमन मासा, डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री, पीचची फळं, सगळं मांडून तयार. सकाळी ऊन कडक होतं, म्हणून बैठकीतला गालिचा विटू नये यासाठी एनिडनं पुढचे पडदे ओढून घेतले. हे तिचं नेहमीचंच. मग अंगात जुना काळा झगा चढवून ती चुलीच्या लोखंडाला काळं पॉलिश लावायला बसली.

इकडं झालं असं, की गोदीत ऐनवेळी काम निघालं आणि बिलला दुपारपर्यंत अडकावं लागलं. त्यानं डॅफ्नीला पुढं पाठवली: तू जा, मी मागनं येतो. डॅफ्नी स्टेशनवरून गावच्या बसमध्ये बसली. पुढच्या बाकावर दोन बाया होत्या. त्या दिवशी शेजारच्या गावाशी क्रिकेटचा सामना होता, आणि दोघींचे नवरे संघात. त्यातली एक काचेतून बघून म्हणाली, “बिलच्या आईकडं काळं झालंय.”

दुसरीनं मान वळवून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “मग गेली म्हणायची.”

ती मॅचबद्दल बोलत होती. डॅफ्नीला काय ठाऊक?

बिलनं तिला आईच्या बोलीतलं सगळं शिकवलं होतं. दार लावायला सांगायचं तर ‘भोकात लाकूड घाल’ म्हणायचं, थक्क झालं की ‘मी जाते आमच्या जिन्याच्या पायथ्याशी’ म्हणायचं, हे साउथॅम्प्टनच्या अर्ध्या गोदीला पाठ होतं. पण ढगाची ती एक गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती. लहानपणी प्रत्येक पावसाला पोरं त्याच्याकडं बघून हसायची. तेवढं त्यानं गावातच सोडलं होतं.

थांब्यावर उतरून डॅफ्नी समोरच्या दुकानात शिरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मिसेस ऑटवेल गल्ल्यापाशी बसून दाराबाहेरचं आभाळ बघत होती.

“बिलच्या आईचं... खरं आहे का हो?” डॅफ्नीनं विचारलं.

“दिसत नाही का, बदका? ते वरचं घर बघ. सकाळी कसं लख्ख होतं, आणि मग एकदम काळं.”

“एकदम? आधी काहीच नव्हतं?”

“जेवायच्या सुमाराला थोडी घरघर ऐकू आली लांबून, तेवढीच. माझ्या गुडघ्याला मात्र कालच कळलं होतं.”

“आणि आता?”

“आता काय? थोड्या वेळात आपल्यावरही येईल. कुणाला चुकलंय? छत्री आणलीस ना?”

उत्तरेकडची माणसं काळजाची कठीण असतात असं डॅफ्नीनं ऐकलं होतं, पण इतकी असतील असं तिला वाटलं नव्हतं. दाराशी बादलीत फुलं होती. तिनं मयताला नेतात तशी पांढरी मागितली.

“चहाच्या टेबलाला पिवळी खुलतील,” मिसेस ऑटवेल म्हणाली.

“नको. पांढरीच द्या,” डॅफ्नी म्हणाली, आणि डोळे पुसत चढाला लागली. हातमोजे गल्ल्यावरच राहिले. मिसेस ऑटवेलनं त्या मोज्यांकडं बघितलं, मग पाठमोऱ्या मुलीकडं बघितलं, आणि विचारात पडली.

पुढच्या दारावर टकटक झाली तेव्हा एनिड दचकली. आमच्याकडं पुढच्या दारानं येणारे दोनच, डॉक्टर आणि शवपेटीचं माप घेणारा. बाकी सगळं जग मागच्या दारानं येतं. ती काळ्या हातांनी, गालावर पॉलिशचा फराटा घेऊन, अंधाऱ्या बैठकीतून चाचपडत गेली आणि कडी काढली. बाहेर एक गोरीमोरी पोरगी, हातात पांढरी फुलं, डोळे लाल.

पोरीनं मयताच्या घरात ओढतात तसे ओढलेले पडदे बघितले, काळा झगा बघितला, आणि उरलीसुरली शंका संपली.

“मी डॅफ्नी. बिलची,” ती म्हणाली. “मला बसमध्ये कळलं. बिलच्या आईचं. फार वाईट झालं हो. तुम्ही शेजारच्या का?”

इथं दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, अगं वेडे, मीच ती. एनिडनंही तोंड उघडलं होतं. पण त्या उघड्या तोंडात एक विचार शिरला आणि शब्द मागच्या मागं गेले. माणूस मेल्यावर लोक त्याच्याबद्दल काय बोलतात हे ऐकायची संधी आजवर कुणाला मिळालीय? ज्याला मिळायला हवी तो नेमका आडवा पडलेला असतो.

“हो,” एनिड म्हणाली. “इथलीच. आवरायला आले होते. आत ये. उपाशी आहेस का?”

“नाही, गाडीत खाल्लं मी.”

“खाण्याचं नाही गं. गारठलीयस का, म्हणून विचारलं.”

“हां, ते उपाशी,” डॅफ्नीला आठवलं, आणि त्या आठवणीनंच तिला पुन्हा रडू फुटलं. “बिल म्हणतो तसं. त्याच्या आईचं सगळं बोलणं तो आम्हाला सांगायचा.”

एनिडनं तिला चुलीपाशी बसवलं, चहा ओतला, आणि स्वतः समोर अशी बसली की पोरीचे ओठ नीट दिसावेत. ऐकू येत असूनसुद्धा. सवय.

“काय काय सांगायचा?”

“सगळंच. तिची सगळी वाक्यं गोदीत फिरतात. परवा मुकादम एका पोराला म्हणाला, आमच्या बिलची आई तुला बघती तर म्हणाली असती, ना कामाचा ना शोभेचा. ते तिला ओळखतसुद्धा नाहीत.”

एनिडच्या पाठीचा कणा थोडा ताठ झाला. साउथॅम्प्टनला आपण पोचलोय, हे तिला ठाऊक नव्हतं. पण स्तुतीवर तिचा फारसा विश्वास नव्हता. खरं काय ते टोचल्याशिवाय बाहेर येत नाही. तिनं टोचलं.

“तशी भोचकच होती हो बाई. तुला म्हणून सांगते. साऱ्या गावाच्या चुलीत नाक.”

डॅफ्नीनं कप खाली ठेवला. “आज तरी असं बोलू नका.”

“खोटं बोलते का? प्रश्न स्वतःच विचारायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. समोरच्याला श्वास घ्यायला जागा नाही.”

“ते बिलही म्हणतो,” डॅफ्नी म्हणाली, “पण तो हसत म्हणतो. तुम्ही तसं म्हणत नाही आहात. तुम्ही तिच्या घरात, तिच्या चुलीपाशी बसून, तिचा चहा पीत बोलताय. मला नाही ऐकायचं.”

पोरीच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. एनिडनं मनातल्या मनात पलंगाचे पैसे वसूल झाल्याची नोंद केली. हिच्याशी भांडता येईल. घरात भांडायला कुणी असणं म्हणजे काय चैन असते, हे एकट्या माणसालाच कळतं. मग ती मऊ आवाजात म्हणाली, “बरं, राहिलं. निदान पोरगं परत येत होतं एवढं तरी तिला कळून गेलं. कारखान्यात जागा आहे त्याच्यासाठी.”

डॅफ्नी कपातल्या चहाकडं बघत राहिली.

“काय झालं?” एनिडनं विचारलं. आणि जन्मात पहिल्यांदाच, उत्तर स्वतः न देता थांबली.

“तो परत येत नव्हता,” डॅफ्नी म्हणाली. “आम्हाला तिथं घर मिळालंय. बंदराच्या वरच्या अंगाला. तेच सांगायला आज येत होता. किती खेपा तेच सांगायला येऊन गेला, आणि दरवेळी म्हणे तोंड उघडलं की कोळसा आणायला जायचा.”

एनिडनं चुलीजवळच्या बादलीकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

“इतका घाबरायचा तिला?”

“घाबरायचा नाही हो. तिनं ‘राहा’ म्हटलं असतं तर राहिला असता, म्हणून सांगायचा नाही. तिला नाही म्हणता येत नाही त्याला. मला म्हणाला, एकदा माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला ना, की ती दोन शिव्या घालेल आणि म्हणेल, जा. पण तो पडायच्या आधी तिनं विचारलं, तर मेलो मी.” तिनं हुंदका आवरला. “आणि आता तर काय, ती गेली. आता तो इथून हलायचा नाही. तिला सांगितलंच नाही, हेच मनात घेऊन याच घरात बसून राहील. मी ओळखते त्याला.”

बाहेर पहिले टपोरे थेंब पत्र्यावर वाजले. एनिड बसल्या जागी बसून होती. म्हणजे इतकं सोपं होतं. गाँटसाहेब नकोत, पिवळा कागद नको, पलंग नको. नुसतं ‘राहा’ म्हणायचं. बिल संध्याकाळी इथंच, या टेबलाशी बसणार होता, आणि हा शब्द तिच्या जिभेवर आयता येऊन बसला होता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. डोक्यावर पोतं, हातात मोजे, अशी मिसेस ऑटवेल आत डोकावली. दुकान टाकून, भर पावसात, चढ चढून. कशासाठी हे सांगायला नको.

“भोकात लाकूड घाल आधी,” एनिड सवयीनं म्हणाली, “पाऊस आत येतोय.”

“घालते, घालते. बिलच्या आई, तुझ्या सूनबाई हातमोजे विसरल्या दुकानात. आणि बाई, हिला मघाशी...”

पुढचं कुणी ऐकलं नाही. डॅफ्नी उभी राहिली होती. तिनं काळ्या झग्याकडं बघितलं, गालावरच्या फराट्याकडं, पॉलिशच्या डबीकडं. मग फुलांकडं.

“मी जाते तुमच्या जिन्याच्या पायथ्याशी,” ती पुटपुटली.

“खाली बस,” एनिड म्हणाली. “पायथ्याशी कोळशाची पोती आहेत. चहा गार होतोय.”

“तुम्ही मला एवढं सगळं बोलू दिलंत.”

“तू इतकं छान बोलत होतीस. मी मध्ये तोंड घालायला भोचक थोडीच आहे?”

मिसेस ऑटवेलला काही कळेना, आणि कळेपर्यंत ती जाणारही नव्हती. तिला सगळं सांगावं लागलं. म्हणजे सामन्याचं, घरघरीचं, पांढऱ्या फुलांचं. ती पोट धरून हसली. घराचं आणि बंदराचं मात्र एनिडनं तिला सांगितलं नाही, आणि डॅफ्नीनंही नाही. दोघींची नजर टेबलावरून एकदा भेटली, तेवढंच. मिसेस ऑटवेल गेल्यावर डॅफ्नीनं बाही वर केली आणि न विचारता चुलीची उरलेली बाजू घासायला घेतली.

बिल संध्याकाळी पोचला तो ओलाचिंब. जेवणं झाली. पीच संपले. डॅफ्नी भांडी उचलून मागं गेली आणि नळाचा आवाज गरजेपेक्षा मोठा सुटला. बिल खुर्चीतून उठला, दारापाशी जाऊन उभा राहिला.

“आई.”

“काय रे?”

त्याचे ओठ हलले. एनिडला ते वाचता येत होते. आवाज मात्र फुटेना. “काही नाही,” तो म्हणाला. “कोळसा आणू का?”

“बादली भरलेली आहे. बस.”

तो बसला. एनिड थांबली. चूल धगधगत होती, पाऊस पडत होता, आणि तिच्या जिभेवरचा तो शब्द गरम बटाट्यासारखा पोळत होता. एवढं पोळतं का हे, असं तिच्या मनात आलं. पोरानं एवढा वेळ कसं धरून ठेवलं? एकदा तर तिचं तोंड उघडलंच. तिनं त्यात बिस्किट घातलं.

“आम्हाला तिथं घर मिळालंय,” बिल म्हणाला. टेबलाकडं बघून, एका दमात. “मी तिथंच राहणार आहे. मला तिथं राहायचंय, आई.”

मागं नळ बंद झाला.

एनिडनं बिस्किट चावून संपवलं. घाई केली नाही. “मला दुपारीच कळलं,” ती म्हणाली. “मी मेले होते तेव्हा.”

बिलनं तिच्याकडं बघितलं. मग मागच्या दारात भांडं पुसत उभ्या असलेल्या डॅफ्नीकडं.

“ती सांगेल तुला,” एनिड म्हणाली. “मुखदुर्बळा. घोड्यासारखा वाढलास आणि एवढंसं वाक्य बाहेर काढायला सगळी खाण उपसलीस. जा. दोन शिव्या घालायच्या होत्या ना मी? एक झाली. दुसरी लग्नात घालीन.”

बिलला हसावं की काय करावं ते कळेना. तो उठला आणि त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जडच. पिवळ्या कागदाच्या खोलीत तिनं त्या रात्री डॅफ्नीला झोपवलं आणि बिलला बैठकीतल्या कोचावर. लग्नाआधी पलंग ऐसपैस असला म्हणून काय झालं?

सोमवारी सकाळी, दोघं परतीच्या गाडीला लागल्यावर, ती आधी गाँटसाहेबांकडं जागा नको म्हणून सांगायला गेली. ते नुसतं म्हणाले, “बरं, एनिड.” इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला नावानं हाक मारली, आणि त्यातली हळहळ ऐकून तिला वाटलं, हे नावच ऐकायला नको होतं.

तिथून ती दुकानात आली. धुण्याचा दिवस असूनही बाया जमल्या होत्या. मिसेस ऑटवेलनं रविवारी चॅपेलात आपलं काम चोख केलं होतं. पण तिच्याकडं अर्धी गोष्ट होती, आणि तीही नीट सांगता न येणारी. एनिडनं टोपली खाली ठेवली, हातांची घडी घातली, आणि आपल्या मरणाची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. बसमधल्या दोघी कशा बोलल्या ते दोन आवाजांत. ऑटवेलची घरघर आणि तिचा गुडघा. पांढरी फुलं. पुढचं दार. मेलेल्या बाईला नावं ठेवली म्हणून होणाऱ्या सुनेनं तिला कसं झापलं. दूधवाला गाडी रस्त्यात सोडून ऐकायला आला. पाद्रीबुवांनी डोळे पुसले. ज्यांचे नवरे शनिवारी भिजून हरले होते त्या दोघींना तर स्वतःचंच बोलणं दोनदा ऐकायचं होतं.

“आणि मग तू काय म्हणालीस?” कुणीतरी विचारलं.

“मी काय म्हणणार? मी मेले होते.”

दुकान पुन्हा हसलं. एवढ्या हसण्यात बिलच्या कामाचं, पिवळ्या कागदाचं, परत यायचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. बाया एकेक करून निघाल्या. मिसेस ऑटवेल गल्ल्यामागं डोळे टिपत, अजून मधूनच फसकन हसत, हॅमचा तुकडा कापायला घेत होती. सुरी टेकवून ती थांबली.

“किती कापू? आता तुम्ही तिघं ना?”

एनिड टोपलीतली पिशवी झटकत होती. ती झटकून झाली, घडी घालून झाली.

“एकीपुरता,” ती म्हणाली. “आणि पातळ काप. मागच्या खेपेला पायताणासारखा दिला होतास.”

मिसेस ऑटवेलनं तिच्याकडं बघितलं. गावातली सगळ्यात मोठी जीभ तिच्या तोंडात होती, आणि ती तिनं एकदाच, त्या सकाळी, आवरली. हॅम कापला, तोही पातळ. कागदात बांधताना वरून आणखी एक तुकडा टाकला आणि पुडकं पुढं सरकवलं.

“चढ निसरडा झालाय,” ती म्हणाली. “थांब, बदका, मी दुकान लावते. येते तुझ्याबरोबर वरपर्यंत.”